नवी जावा मुखवटा नव्हे



नवी जावा मोटारसायकल म्हणजे जुन्या नावाचा नुसता मुखवटा, असे गेल्या अंकातील पत्रात म्हटले आहे. हे मला पटत नाही.

म्हैसूरच्या आयडियल जावाने 1961 पासून बनवलेली गाडी टू-स्ट्रोक होती. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे, मागे निळसर धूर राही. आजच्या प्रदूषणाच्या नियमांत ते इंजिन तसेच परत आणणे शक्यच नव्हते. म्हणून 2018 मध्ये आली ती 293 सीसीची, रेडिएटरवाली फोर-स्ट्रोक. जुनीची ताकद 12 बीएचपीच्या आसपास, हिची 27. शिवाय पुढे डिस्क ब्रेक आणि एबीएस. भर पावसात घाट उतरताना ड्रम ब्रेकवर भिस्त ठेवलेल्यांना हा फरक किती मोलाचा, ते सांगायला नको.

हरवले आहे ते वेगळेच, आणि पत्रलेखकाने नेमका त्याचाच उल्लेख केला नाही. किक आणि गिअर एकाच दांडीवर असलेली ती जुनी गाडी तालुक्याच्या गावचा मिस्त्री पाना-पकडीने खोलून जोडत असे. पॉइंट साफ केले, प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला की बहुतेक वेळा काम भागे. कारखाना 1996 मध्ये बंद पडला, तरी गाड्या आजही धावतात त्या याच साधेपणामुळे. नव्या गाडीतले फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर त्या मिस्त्रीच्या आवाक्याबाहेरचे आहेत.

दोन सायलेन्सर परत आणले, आता कंपनीने सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांनाही खुली करावी.

– एक वाचक, सातारा