विसण वाया जाऊ नये



दिवाळी जवळ आली की अकोल्याच्या आमच्या अंगणातला तांब्याचा बंब आठवतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे आजी पऱ्हाट्या घालून तो पेटवायची. घंगाळात कढत पाणी, त्यात लागेल तेवढंच विसण. एका बंबावर घरातल्या सगळ्यांच्या अंघोळी पाठोपाठ व्हायच्या आणि अंघोळीचं पाणी केळीच्या बुडाशी जायचं.

हा काटेकोरपणा गरजेतून आलेला होता. अकोल्याला महानच्या धरणातून काटेपूर्णेचं पाणी येतं, अमरावतीला सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून. दर्यापूर, मूर्तिजापूरकडे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहीर भरलेली असली तरी पाणी तोंडात धरवत नाही. ‘नळ आले!’ अशी हाक ऐकून हातातलं काम टाकून धावलेली माणसं आपण.

इथे ब्रिटनमध्ये आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कॉम्बी बॉयलर आहे. त्यात गरम पाण्याची टाकी नसते. तोटी उघडली की बॉयलर पेटतो, आधी स्वतः तापतो आणि मग पाणी तापवतो. तोवर नळीत निवलेलं पाणी वाहत राहतं. २२ मिलिमीटरच्या दहा मीटर नळीत सुमारे सव्वातीन लिटर पाणी मावतं, १५ मिलिमीटरच्या नळीत दीड लिटरच. आमचा बॉयलर खाली स्वयंपाकघरात आणि न्हाणीघर वर. एकदा बादली लावून मोजलं: गरम पाणी यायला पन्नास सेकंद लागले आणि पाच लिटर पाणी गेलं. दिवसातून चारदा असं झालं तर वीस लिटर. जलजीवन मिशनने आपल्याकडे खेड्यातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटर पाणी धरलं आहे, हे आठवलं आणि ती बादली मोरीत ओतवेना.

उपाय आहेत. अनेक बॉयलरमध्ये ‘प्रीहीट’ची सोय असते. ती चालू ठेवली की बॉयलर आतून गरम राहतो आणि वाट पाहणं कमी होतं, पण त्यासाठी अधूनमधून गॅस जळतो. ती सकाळपुरतीच लावता येते का, हे पुस्तिकेत पाहावं. गरम पाण्याच्या नळ्यांवर फोमचं आवरण चढवलं तर नळीतलं पाणी लवकर निवत नाही. पहिल्याला थांबावं लागतंच, पण पाठोपाठ अंघोळी केल्या तर पुढच्यांना थांबावं लागत नाही. एका बंबावर सगळ्यांच्या अंघोळी उरकायची आजीची रीत इथेही तितकीच खरी आहे.

हात धुताना तोटीचा दांडा गार बाजूला ठेवावा. मध्यभागी ठेवला तर बॉयलर पेटतो, गॅस जळतो आणि गरम पाणी पोहोचण्याआधीच आपण तोटी बंद करतो. दक्षिण इंग्लंडच्या क्षाराच्या पाण्याने बॉयलरच्या आत पांढरा थर धरतो आणि पाणी नीट तापेनासं होतं. नळाच्या पाण्याचं तापमान पन्नास अंशांच्या आसपास ठेवलं तर थर कमी धरतो. न्हाणीघर नव्याने करत असाल तर नळीचा मार्ग आखूड आणि व्यास बेताचा ठेवता येईल का, हे प्लंबरला आधीच विचारावं. बॉयलरचं झाकण मात्र गॅस सेफ नोंदणी असलेल्या कारागिरानेच उघडावं.

सगळ्यात सोपा उपाय एका बादलीचा आहे. सुरुवातीला येणारं ते गार पाणी म्हणजे आपलं विसणच. आजी ते शेवटी घालायची, इथे ते आधी येतं, एवढाच फरक. ते बादलीत धरावं आणि वरून गरम पाणी घेऊन अंघोळ करावी. शॉवरच हवा असेल तर ते पाणी झाडांना घालावं, फरशीला वापरावं.

या दिवाळीत अभ्यंगस्नानाआधी प्रत्येकाने आपल्या घरचं विसण एकदा मोजावं आणि आकडा आम्हाला कळवावा. पुढच्या अंकात ते सगळे आकडे एकत्र छापू. मोजायचं काम मुलांना द्या. बादली भरताना त्यांना महानच्या धरणाची आणि ‘नळ आले’ या हाकेची गोष्टही सांगा. आपल्या मुलांनी ती हाक कधी ऐकलेली नाही.

दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.

– संपादक