सोसण्याचे कौतुक पुरे

सीमाभागातील आम्हां मराठी कुटुंबांना भाषेचा अभिमान मोठा. 1956च्या राज्यपुनर्रचनेपासून पाटीवरल्या एकेका अक्षरासाठी आम्ही भांडत आलो. मात्र पंचेचाळिशी ओलांडलेली घरातील बाई मध्यरात्री घामाने चिंब होऊन उठते, पदराने मान पुसत खिडकीशी उभी राहते, त्या अवस्थेला आमच्या माजघरात शब्द नाही. ‘रजोनिवृत्ती’ कोशात आहे. घरात ‘हिचे हल्ली डोके फिरले आहे’ एवढेच ऐकू येते. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ 1927 साली सुरू केले, त्याला शतक होत आले. तरी संकेश्वरच्या सुशिक्षित घरांत हा विषय असभ्यच ठरतो.

वास्तविक यात गूढ फारसे नाही. बीजकोशांतून येणारे इस्ट्रोजेन घटू लागले, की शरीराचे तापमान राखणारे मेंदूतील केंद्र हळवे होते. एरवी सहज खपणारी किंचित ऊबही त्याला ताप वाटते. ते त्वचेतील रक्तवाहिन्या फुलवते, घाम सोडते आणि काही मिनिटांत तीच बाई थंडीने काकडते. भारतात पाळी सरासरी 46-47व्या वर्षी थांबते. ज्यांना हा त्रास वारंवार होतो, अशा स्त्रियांत तो साधारण 7.4 वर्षे टिकतो, असे अमेरिकेतील एका दीर्घ पाहणीत आढळले. इतकी वर्षे धड झोप न मिळालेल्या बाईच्या चिडचिडीला ‘स्वभाव’ म्हणणाऱ्यांनी तशी एक रात्र काढून पाहावी. आणि तिच्या सोशिकपणाचे गोडवे गाणाऱ्या आम्ही साहित्यिकांनीही.

या मौनातूनच ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ हा सल्ला फोफावतो. आमच्या परिचयातील एका भगिनीलाही तो एका दवाखान्यात तपासणीआधीच मिळाला होता. 2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांचे प्रकरण गाजले. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत 82,309 पैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. मराठवाड्यातील या टोळ्या हंगामात बेळगाव जिल्ह्यातील फडांतही उतरतात. तेव्हा ही दूरदेशची वार्ता नव्हे. शिवाय कटकट मिटत नाहीच. गर्भाशयासोबत बीजकोशही गेले, तर जी उतरण वर्षानुवर्षे व्हायची ती एका दिवसात होते आणि घामाचा त्रास अधिक उग्र होतो.

उपाय आहेत. सुती कपडे, उघडी खिडकी, पंखा, झोपण्यापूर्वी गरम चहा टाळणे हे घरचे झाले. संकेश्वरी मिरचीला रात्रीच्या जेवणातून रजा द्यावी, हे या गावात लिहिताना लेखणी अडखळते खरी. परंतु तिखटाने अनेकींना झोत येतो. इतक्याने भागत नसेल, तर सर्वांत प्रभावी उपचार हार्मोनचाच आहे. ‘त्याने कर्करोग होतो’ हा धाक 2002 साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासातून पसरला. त्यातील स्त्रियांचे सरासरी वय 63 होते, हे सांगायचे मात्र राहून गेले. धोका शून्य नाही. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या वा पक्षाघात होऊन गेला असेल, तर हा मार्ग सहसा वर्ज्यच. अन्यथा साठीच्या आत किंवा पाळी थांबून 10 वर्षे व्हायच्या आत सुरू केल्यास बहुतेकींना लाभ अधिक होतो. हार्मोन नको असल्यास नैराश्यावरील काही औषधेही अल्प मात्रेत उपयोगी पडतात. निर्णय डॉक्टरांशी बोलून व्हावा. पण बोलणे तर व्हावे!

प्रत्येक घाम वयाचाच असतो असेही नाही. सोबत ताप, रेंगाळणारा खोकला, घटणारे वजन असेल, तर क्षयाची तपासणी करावी, थायरॉइडही पाहावे.

आमच्या मंडळाने पुढील बैठकीत या विषयावर स्त्रीरोगतज्ज्ञांचे व्याख्यान ठेवावे, अशी आमची मागणी आहे. निमंत्रणपत्रिकेवर ‘केवळ महिलांसाठी’ असे छापू नये. पहिल्या रांगेतील खुर्च्या नवऱ्यांसाठी राखाव्यात.