झाडपाला आणि माशांचें तळें

‘झाडपाल्याचें औषध, गुण आला तर आला, अपाय तर नाहींच!’ हें वाक्य आपल्याकडे घरोघर ऐकूं येतें. त्यांत सत्य किती, ह्याचा प्रत्यय आम्हांस गेल्या उन्हाळ्यांत एका पालकांच्या शेततळ्यावर आला. त्यांच्या तळ्यांतील रोहू व कटला मासे बांबूला अंग घासूं लागले. हातीं घेऊन पाहतां अंगाला चपट्या, पारदर्शक टिकल्यांसारखे जीव चिकटलेले दिसले. ही ‘आर्ग्युलस’ नांवाची माशांची ऊ होय. ती सुईसारख्या अवयवानें कातडी भोंसकून रक्त शोषिते, आणि त्या जखमांतून दुसरे रोग शिरतात. पिकाच्या किडीवर कडुनिंब चालतो, तो येथेंही चालेल, अशा समजुतीनें त्या गृहस्थांनीं पोतेंभर पाला उकळून काढा अंदाजानें तळ्यांत ओतला, व चोथाही त्यांतच टाकिला. दुसऱ्या दिवशीं पहांटे मासे पाण्यावर तोंडें काढून तडफडत होते. दुपारपर्यंत बहुतेक मेले.

ह्यावरून वनस्पति टाकाऊ ठरत नाहींत. पूर्वीं माशांच्या परोपजीवींवर ‘मॅलाकाइट ग्रीन’ हा रंग सर्रास वापरीत. त्याचा अंश मांसांत दीर्घकाळ राहतो व तो खाणाऱ्यास घातक ठरण्याची भीति असते. म्हणून खाण्याच्या माशांवर त्याचा उपयोग अनेक देशांनीं बंद केला. तेव्हां संशोधक कडुनिंब, लसूण इत्यादिकांच्या अर्कांकडे वळले, हें योग्यच झालें. परंतु ज्यांत गुण आहे त्यांत जोरही आहे. मत्स्यबीज सोडण्यापूर्वीं तळ्यांतील नको असलेले मासे मारण्यास हेक्टरीं सुमारें २,५०० किलो मोहाची पेंड टाकितात. मोहही झाडच ना? दोनतीन आठवड्यांनीं तिचें विष उतरतें, आणि मग तीच पेंड खत होते.

मुख्य प्रश्न मात्रेचा आहे. तळें २० मीटर लांब, १५ मीटर रुंद व २ मीटर खोल, आणि बाजू उभ्या धरिल्या, तर पाणी ६०० घनमीटर, म्हणजे ६ लाख लिटर झालें. दर हजार लिटरांस १ ग्रॅम औषध सांगितलें असेल, तर ६०० ग्रॅम पुरे. चैत्रांत पाणी मीटरभरच उरलें आणि औषध तेवढेंच टाकिलें, कीं मात्रा दुप्पट! हें गणित आमचा सहावींतील विद्यार्थी सहज करील.

शिवाय ही ऊ अंडीं माशावर न घालतां दगड, बांबू, फळ्या अशा कठीण वस्तूंवर घालिते. तळ्यांत फळ्या उभ्या कराव्या, आणि दर आठवड्यास काढून, खरवडून उन्हांत वाळवाव्या. ह्या उपायानें पुढची पिढी कमी होते, आणि पाण्यांत विषाचा थेंबही जात नाहीं.

परमेश्वरानें पानापानांत गुण ठेविले, तशी मनुष्यास मोजण्याची बुद्धिही दिली. एक देणगी वापरावयाची व दुसरी जमिनींत पुरून ठेवावयाची, ह्यास भक्ति कसें म्हणावें? विद्यार्थ्यांनो, घरीं तळें असेल तर वडिलांबरोबर काठावर जा. पाण्याची खोली मोजा. तज्ज्ञांनीं सांगितलेली मात्रा त्याच पाण्यानें भरलेल्या टाकींत चार माशांवर आधीं एक दिवस पाहा. मग तळ्यांत औषध घाला.