फुकट तंबू बंद करू नका, कचरा बंद करा
जूनमध्ये लाहौलला, छत्रूजवळ चंद्रा नदीकाठी तंबू ठोकला. उंची ३३०० मीटरच्या आसपास, भाडं शून्य. सकाळी दगडाआड गेलो तर डायपर, टिश्यू, मॅगीची पाकिटं! २०२० मध्ये अटल बोगदा झाला आणि लाहौल मनालीच्या दारात आलं, त्याचा हा प्रसाद.

आता काही जण म्हणतात, फुकट कॅम्पिंग बंदच करा. मला नाही पटत. मग नदीकाठ उरेल फक्त महागड्या टेंटवाल्यांना. त्यापेक्षा नियम लावा: तंबू आणि शौचाचा खड्डा पाण्यापासून ६० मीटर लांब, कचरा डिकीतून परत. त्या थंडीत काही लवकर कुजत नाही हो. तांदीला भागा मिळाली की हीच नदी चंद्रभागा होते. नाव तरी ओळखीचं आहे ना?

आम्ही दोन पोती कचरा मनालीला आणला. तिथे तो टाकायचा कुठे, हे शोधण्यात तास गेला.