करटुल्याला भाव आहे, पण दहा गुंठ्यांत लावण्याआधी हिशेब करा

पावसाळा आला की करटुल्याच्या (करटोली, कंटोली) भावाची चर्चा सुरू होते. २०२० पासून कृषी विभागामार्फत ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरतात. त्यातून शहरी ग्राहकाला या भाजीची ओळख झाली. पूर्वी रानातून येणारे करटुले आता शेतात मांडवावर दिसू लागले आहे. तुम्ही ते लावावे का? लावावे, पण खालील बाबी तपासून.

भाव का मिळतो?
भाजी देशी आहे एवढ्यावर भाव मिळत नाही. हंगाम छोटा, माल कमी आणि तोडणी किचकट, म्हणून भाव मिळतो. एकाच गावातील वीस जणांनी लागवड केली आणि सगळा माल एकाच आठवडी बाजारात नेला, तर हा फायदा राहणार नाही. म्हणून पहिल्या वर्षी दोन-तीन गुंठ्यांवर अनुभव घ्यावा.

नर-मादीचे गणित
करटुल्यात नर आणि मादी वेल वेगळे असतात. बियांपासून लागवड केल्यास उगवण कमी व उशिरा होते आणि फुले येईपर्यंत वेल नर की मादी हे कळत नाही. त्यामुळे ओळख पटलेल्या वेलांचे कंद लावणे फायद्याचे. साधारण आठ ते दहा मादी वेलांमागे एक नर वेल ठेवावा. २ × १ मीटर अंतर धरल्यास १० गुंठ्यांत सुमारे ५०० वेल बसतात. त्यांत साधारण ४५ ते ५५ नर हवेत. फुले संध्याकाळी उमलतात. फळधारणा कमी वाटल्यास ताजे नर फूल मादी फुलाच्या टोकावर हलके टेकवून हाताने परागीकरण करावे. पाणी साचणाऱ्या जमिनीत कंद कुजतात, म्हणून निचरा आधी पाहावा.

खर्च वर्षांत वाटून पाहा
पुढील आकडे फक्त हिशेबाची पद्धत समजण्यासाठी आहेत. मांडवाला १८,००० रुपये लागले आणि तो तीन वर्षे टिकला, तर वर्षाला ६,००० रुपये. कंद, खत, मजुरी, वाहतूक मिळून २४,००० धरल्यास एकूण ३०,००० रुपये. ३०० किलो माल निघाला तर किलोला १०० रुपये हा नुसता खर्च. १५० किलोच निघाला तर २०० रुपये. घरची मजुरीही यात धरावी. तुमच्या बाजारातील हंगामाच्या मध्याचा भाव यापेक्षा कमी असेल, तर मांडव उभारू नये.

पहिला पैसा कशातून?
वेल चढेपर्यंत मधल्या पट्ट्यात तांदुळजा घ्यावा. तो २५ ते ३० दिवसांत कापणीला येतो आणि घरखर्चाला हातभार लागतो. बांधावर अंबाडी व शेवगा लावता येतो.

विक्री
२०१६ मध्ये राज्यात फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळण्यात आला. त्यामुळे सोसायटी, हॉटेल किंवा ग्राहक गटाला थेट माल देता येतो. मात्र प्रतवारी, वाहतूक आणि वसुली तुमच्यावर येते. फळे कोवळी, हिरवी असतानाच तोडावीत. पिवळी पडून बी कडक झाले की गिऱ्हाईक नाकारते. तोडणीआधीच दोन ग्राहक बोलून ठेवावेत.

कंद जंगलातून उपटू नका
२००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजात कंदांचाही समावेश आहे आणि तो हक्क वननिवासींचा आहे. रानातले मादी कंद उपटले की पुढच्या पावसाळ्यात भाजी गोळा करणाऱ्या बायांची पाटी रिकामी राहते. कंद शेतकऱ्याकडून किंवा खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्यावेत. स्वतःचे कंद व बियाणे राखण्याचा, देवाणघेवाणीचा हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने दिला आहे. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांची देशी बियाणे बँक हे गावपातळीवर वाण जपण्याचे उत्तम उदाहरण आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनी काय करावे?
महोत्सव एक-दोन दिवसांचा, तोडणी मात्र अनेक आठवड्यांची असते. म्हणून गावात लागवड किती झाली, माल कोणत्या आठवड्यात निघेल आणि कुठे जाईल, याची नोंद जूनमध्येच करावी. गटाने तोडणीचे दिवस व बाजार वाटून घेतले, तर एकमेकांचा भाव पडणार नाही.