माणसाच्या मापाचे काम

यंदा १ मे शुक्रवारी आला आहे, आणि मालेगावात शुक्रवार म्हणजे माग बंद. आठवडाभर पाळीमागून पाळी चालणारी खडखड थांबते आणि मोसमकाठच्या गल्ल्यांत हळू बोललेलेही ऐकू येते. महाराष्ट्र दिन, कामगार दिन आणि आठवड्याची सुट्टी अशा तिन्ही गोष्टी एकत्र आलेल्या या शांततेत एक प्रश्न विचारायला हवा. कामगाराला मजुरी किती द्यायची यावर आपण नेहमी भांडतो. त्याच्या कामाची आखणी कशी केली आहे, हे कधी पाहतो का?

सुट्टीसुद्धा कामाच्या आखणीचाच भाग, आणि ती भांडूनच मिळाली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली ती १८९० मध्ये. पुढे १९२८ साली मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद पडल्या. त्या संपाचे एक मोठे कारण असे की, दोन माग सांभाळणाऱ्या विणकराने आता तीन सांभाळावेत, असा मालकांचा आग्रह होता. एका माणसाने किती माग पाहावेत, हा प्रश्न शंभर वर्षे जुना आहे. आपल्या शहरात तो रोज नव्याने उभा राहतो.

कोणत्याही यंत्रमाग कारखान्यात पाच मिनिटे उभे राहा. एका कामगाराकडे चार, सहा, कधी त्याहून जास्त माग असतात. एका मागावर ताण्याचा धागा तुटतो. तो सांधेपर्यंत दुसऱ्याच्या धोट्यातली कांडी संपते. ती बदलून माग चालू करावा, तर तिसरा थांबलेला. बोलणे ऐकू येत नाही, म्हणून हातवाऱ्यांवर आणि ओठांच्या हालचालींवर भागते. कापसाची बारीक लव पापण्यांवर बसलेली असते. पाळी बहुधा बारा तासांची आणि मजुरी मीटरवर. सूत कच्चे निघाले, वीज गेली, बीम संपून नवा यायला उशीर झाला, की कापड थांबते आणि कापडाबरोबर मजुरीही थांबते. सूत त्याने आणलेले नसते, वीज त्याच्या हातात नसते, बीम कधी येणार हे त्याला कुणी सांगितलेले नसते. तरी भुर्दंड त्याचाच.

मनुष्यबळ व्यवस्थापन हा शब्द ऐकला की पुण्या-मुंबईच्या काचेच्या इमारती डोळ्यांसमोर येतात. पण त्या शास्त्राचे मूळ प्रश्न साधे आहेत : काम नेमके कोणते, ते करणाऱ्याच्या हाती किती अधिकार, आणि बिघडले तर झळ कुणाला? हे प्रश्न बारा मागांच्या कारखान्यालाही तितकेच लागू आहेत. आमच्या मते त्यांचे पहिले तत्त्व एकच : जे माणसाच्या हाती नाही, त्याची शिक्षा त्याला नको.

आखणी बदलली की काय साधते, याचा पुरावा मागांच्याच खात्यात सापडला आहे. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५२ साली स्वयंचलित माग आले, पण उत्पादन मनासारखे वाढेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये ते खाते पाहिले. काम बारा प्रकारच्या कामगारांत तुकड्या-तुकड्यांनी वाटलेले होते आणि एका मागाची पूर्ण जबाबदारी कुणाचीच नव्हती. मग सात-सात जणांचे गट करून प्रत्येक गटाकडे चौसष्ट माग सोपवले गेले. आतली वाटणी गटानेच करायची, एकमेकांची कामे शिकून घ्यायची. सुरुवातीला अडखळले, पण मग उत्पादन वाढले आणि खराब कापड कमी झाले. यंत्रे तीच होती, माणसेही तीच. बदलली ती फक्त आखणी.

आपला कारखानदारही कोंडीत आहे, हे आम्ही जाणतो. अनेकांचे आजे-पणजे हातमागावरच बसलेले. कित्येकजण व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतात. सुताचा भाव आणि ग्रे कापडाचा दर दोन्ही बाहेर ठरतात. म्हणून आमची मागणी अवाजवी नाही. माग कामगाराच्या दोषाशिवाय बंद राहिला, तर त्या वेळेची किमान मजुरी ठरवा. कपात का झाली, ते वहीत लिहून दाखवा. जॉबर, कांडीवाला आणि माग चालवणारा यांना एका गटात बसवून आठवड्यातून एकदा विचारा, सर्वांत जास्त कोणता माग छळतो? उजेड, हवा आणि कानांचे संरक्षण यांवर होणारा खर्च हा उपकार समजू नका.

कायद्याने सारे होईल, या भरवशावर राहता येत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, पण असंख्य लहान कारखाने त्या चौकटीबाहेरच राहिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत तर विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहाऐवजी वीस कामगारांपासून सुरू होते. लहान कारखान्यात म्हणूनच मालकाच्या शहाणपणाला अधिक महत्त्व आहे.

आणि कामगाराला काय जमते, याचा पुरावाही मालेगावनेच दिला आहे. ‘मालेगाव का सुपरमॅन’ या चित्रपटाचा नायक शफीक शेख यंत्रमाग कामगार होता. दिग्दर्शक नासिर शेख यांच्यासोबत इथल्या साध्या माणसांनी हाती असेल त्या साधनांनी, कामे आपसांत वाटून घेऊन अख्खे चित्रपट उभे केले. ही माणसे पुढाकार घेतात, एकमेकांचे काम शिकतात, अडचणीतून वाट काढतात. कारखान्यात आपण त्यांचे फक्त हात वापरतो, हा तोटा त्यांच्याइतकाच आपलाही आहे.

उद्या माग पुन्हा सुरू होतील आणि ही शांतता विरून जाईल. त्याआधी, आज ऐकू येते आहे तोवर, प्रत्येक कारखानदाराने आपल्या एका कामगाराशेजारी बसून विचारावे, ‘तुझे काम कुठे अडते?’ आणि उत्तर पूर्ण ऐकावे.