नक्कल करायची तर पुरती करा

किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायची बोटभर लांबीची पोलादी पट्टी हल्ली ऑनलाइन दुकानांत ढिगाने मिळते. एका टोकाला छिन्नीसारखी निमुळती धार, तिला जरासा बाक. खोक्याची पिन किंवा डब्याचे झाकण उचकटायचे, ते या टोकाने. कडेला बाटलीचे बूच काढायची खाच, मधे नट फिरवायला षटकोनी भोके, दुसऱ्या टोकाला कडी ओवायला भोक. अशा दहा पट्ट्या दहा नावांनी विकल्या जातात आणि शेजारी शेजारी ठेवल्या तर कोणी कोणाची उचलली ते सांगता येत नाही. पहिली रचना करणारा म्हणतो, चोरी झाली. विकत घेणारा म्हणतो, भोकांना आणि खाचांना मालक कसला आलाय? मला या वादात दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते. दुसऱ्याचे अवजार पाहून तसेच अवजार करणे यात मला गैर दिसत नाही. बाजारातल्या बहुतेक नकला वाईट आहेत त्या वेगळ्या कारणाने: त्या अर्ध्यावर सोडलेल्या आहेत. बाहेरची रेघ तेवढी उचलली, आतले काम उचललेच नाही.

हे म्हणायला सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्याइतकी योग्य जागा दुसरी नाही, कारण या तालुक्यातले किर्लोस्करवाडी हे गावच एका पुरत्या नकलेवर उभे राहिले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले, मग कडबा कापायचे यंत्र केले आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला. लोखंडी पंखाचा, माती उलथून टाकणारा नांगर ही त्यांची कल्पना नव्हती. तो घाट विलायती होता आणि त्यामागे इंग्लंड-अमेरिकेतल्या कारखान्यांची शंभर वर्षांची मेहनत होती. इप्स्विचच्या रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ मध्ये ज्या फाळाचे पेटंट घेतले, त्याचे मर्म बघण्यासारखे आहे. ओतीव लोखंडाची खालची बाजू साच्यातच झटकन थंड करून वरच्या बाजूपेक्षा कठीण करायची. मग जमिनीत चालताना वरची मऊ बाजू आधी झिजते आणि फाळ आपोआप धारदार राहतो. आता हा फाळ हातात घेऊन कितीही निरखला, त्याचे माप कागदावर कितीही काटेकोर उतरवले, तरी हे मर्म दिसत नाही. ते ओतशाळेत, भट्टीपाशी, चार फाळ वाया घालवूनच कळते. नांगराची नक्कल करायची म्हणजे ही सगळी वाट पुन्हा चालायची.

ती वाट चालूनही गिऱ्हाईक समोर उभे नव्हते. लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची धास्ती होती आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाचा माळ दिला, बिनव्याजी दहा हजार रुपये दिले आणि १० मार्च १९१० रोजी तिथे वसाहतीची सुरुवात झाली. पुढे त्या माळावर चरक झाले, शेंगा फोडायची यंत्रे झाली, पाण्याचे पंप झाले. या सगळ्यात मला महत्त्वाच्या वाटतात त्या दोन गोष्टी. एक, नांगर विकला तो स्वतःच्या आडनावाने. विलायती कंपनीच्या नावाशी मिळतेजुळते काही छापून गिऱ्हाइकाला गोंधळात पाडायचा सोपा मार्ग त्यांनी धरला नाही. फाळ मोडला तर शिव्या किर्लोस्करांनाच बसणार होत्या. दुसरी, तुटलेला भाग इथेच मिळू लागला. लाकडी नांगराचा फाळ गावचा लोहार शेवटून द्यायचा. ओतीव फाळ तसा शेवटता येत नाही, तो बदलावा लागतो, आणि ऐन नांगरटीत समुद्रापलीकडच्या फाळाची वाट कोण बघणार? नकलेने शेतकऱ्याला मूळ वस्तूपेक्षा एक गोष्ट जास्त दिली. चांगल्या नकलेची ही खूण मी मानतो.

हेच माप लावून त्या पट्टीकडे पाहू. फोटोवरून आकृती काढून पोलादाच्या पत्र्यातून लेझरने पट्टी कापणे हे आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही बऱ्या वर्कशॉपला सकाळच्या चहाआधी जमेल. अडचण त्यानंतर सुरू होते. साध्या मऊ पत्र्याची पट्टी पहिल्याच खिळ्याखाली घालून जोर दिला की वाकते. म्हणून कार्बन पुरेसे असलेले पोलाद घ्यावे लागते आणि त्याला पाणी द्यावे लागते, म्हणजे तापवून झटकन थंड करावे लागते. नुसते पाणी देऊन थांबले तर पट्टी काचेसारखी होते, टोकाचा तुकडा उडून डोळ्यात जाण्याचा धोका. म्हणून ती पुन्हा मंद तापवून कडकपणा थोडा उतरवायचा. किती उतरवायचा, हे टोक उचकटण्यासाठी आहे की कापण्यासाठी यावर ठरते. बुचाच्या खाचेचा आतला कोपरा फोटोत काटकोनी दिसला म्हणून काटकोनी कापला, तर सगळा ताण त्या कोपऱ्यात साठतो आणि भेग तिथूनच निघते. जाणता कारागीर तो कोपरा हलकासा गोल ठेवतो. टोकाला बाक किती द्यायचा, कडा किती घासायच्या म्हणजे खिसा फाटणार नाही, पट्टीची जाडी किती ठेवायची म्हणजे वजन वाढणार नाही, हे सगळे निर्णय मूळ रचनाकाराने चुका करत घेतलेले असतात. खरी रचना या निर्णयांत असते. बाहेरची रेघ हा त्यांचा उरलेला ठसा. ठसा उचलणाऱ्याने मूळ माणसाचे नुकसान केले की नाही यावर वाद घाला, पण गिऱ्हाइकाला त्याने नक्कीच फसवले, कारण दिसायला अवजार असलेली वस्तू त्याने अवजार म्हणून विकली.

कायद्याचा कलही साधारण याच दिशेचा आहे. खिशातल्या अवजारांतला सर्वांत गाजलेला खटला अमेरिकेतला. टिम लेदरमन यांनी पक्कड आणि चाकू एकत्र घडी होणारे अवजार तयार केले, १९८० मध्ये पेटंट मिळवले आणि १९८३ पासून ते विकायला काढले. १९९५ मध्ये कूपर इंडस्ट्रीज या बड्या कंपनीने जवळजवळ तसेच अवजार बाजारात आणायचे ठरवले. खटला अपिलात गेला, तेव्हा १९९९ मध्ये न्यायालयाने सांगितले की लेदरमनच्या अवजाराचे रूप म्हणजे उपयोगी भागांची जुळणी आहे आणि निव्वळ त्या रूपावर कायमची मालकी सांगता येणार नाही. म्हणजे नक्कल माफ झाली. माफ झाले नाही ते दुसरेच काही. कूपरचा माल तयार व्हायच्या आधीच जाहिराती छापायच्या होत्या. म्हणून त्यांनी लेदरमनचेच एक अवजार घेतले, त्यावरचे नाव घासून काढले, जोडाचे खिळे बदलले आणि त्याचा फोटो स्वतःचा माल म्हणून छापला. त्या खोटेपणाबद्दल ज्युरीने पन्नास हजार डॉलरची भरपाई आणि वर ४५ लाख डॉलरचा दंड सांगितला होता. दंडाची रक्कम फार झाली का, हा प्रश्न २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. रक्कम बाजूला ठेवली तरी भेद लख्ख आहे: तसेच अवजार स्वतः घडवणे ही स्पर्धा, आणि दुसऱ्याने घडवलेले अवजार आपले म्हणून दाखवणे ही लबाडी.

आपल्याकडे २००० सालचा डिझाइन कायदा डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाला आधी दहा आणि मुदतवाढ घेतली तर आणखी पाच वर्षे संरक्षण देतो. यंत्राची निव्वळ कार्यरचना त्यात बसत नाही. तिच्यासाठी पेटंट, आणि पेटंटला खरा शोध लागतो. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे भांडी लेथवर धरायच्या एका युक्तीचे पेटंट आले होते. जुन्या पद्धतीत केलेली वर्कशॉपमधली सुधारणा एवढ्याने शोध ठरत नाही, असे सांगून न्यायालयाने ते रद्द ठरवले. खिशातल्या पट्टीतल्या बहुतेक युक्त्या याच वर्गातल्या आहेत.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. किर्लोस्करांनी नक्कल केली ती दुबळ्याने बलाढ्याची केली. गुलाम देशातल्या एका दुकानदाराने साम्राज्यातल्या कारखान्याचा घाट उचलला, त्यात कोणाची चूल विझली नाही. आज उलटे घडते. एकटा कारागीर वर्षभर खपून एक घाट बसवतो आणि महिनाभरात कोणी मोठा उत्पादक लाखांनी तो काढून त्याच्या निम्म्या भावात विकतो. हे मला मान्य आहे आणि नकलेचे समर्थन करताना नक्कल कोणाकडून कोणाकडे चालली आहे ते पाहिलेच पाहिजे. पण त्यावर उपाय म्हणून नक्कलच पाप ठरवली, तर पहिला मार बसेल तो शिकणाऱ्या लहान वर्कशॉपला, कारण वकील परवडतो तो मोठ्याला. शिवाय स्पर्धक आला म्हणजे पहिला संपतोच असेही नाही. सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी (अमेरिकेतल्या कूपर कंपनीशी त्यांचा काही संबंध नाही) लोखंडी नांगराचाच कारखाना काढला. तरी किर्लोस्कर पुढे पंपांत आणि इंजिनांत गेले, कूपरही इंजिनांकडे वळले. दोन नांगरांच्या चढाओढीतून या टापूला ओतारी आणि फिटर मिळाले.

लहान रचनाकाराला जे संरक्षण आज उपलब्ध आहे तेही तो स्वतःच्या हाताने घालवतो, हे मात्र जाऊन सांगायला हवे. डिझाइनची नोंदणी मिळते ती अर्जाच्या तारखेपर्यंत जगापुढे न आलेल्या रूपालाच. नवी वस्तू केली की हौसेने तिचा फोटो फोनवरून सगळीकडे पाठवायचा आणि मागणी आली की मग अर्जाचा विचार करायचा, ही आपली रीत. त्या फोटोनेच नवेपण संपते. जर्मनीत १८९१ पासून छोट्या उपयुक्त सुधारणांसाठी पेटंटहून सोपा आणि कमी मुदतीचा वेगळा हक्क आहे. भारतात तसा नाही. तो आणावा असे मला वाटते, पण मुदत अगदी थोडी असावी, दोन-तीन वर्षांची, म्हणजे घाट बसवणाऱ्याची मेहनत भरून निघेल आणि पुढच्याची वाट अडणार नाही.

तोवर पलूसच्या एमआयडीसीत आणि आसपासच्या आयटीआयमध्ये एक गोष्ट करता येईल. फिटर आणि टर्नरच्या मुलांपुढे एक उत्तम अवजार ठेवावे आणि उघडपणे सांगावे, याची नक्कल करा. फोटोवरून नको, वस्तू हातात घेऊन. कॅलिपरने मापा, कानशीने घासून कडकपणाचा अंदाज घ्या, मग सांगलीच्या वालचंद महाविद्यालयासारख्या ठिकाणी तो नीट मोजून आणा. पाणी द्या, उतरवा, शिकंज्यात धरून मोडेपर्यंत वाकवा आणि कुठे मोडले ते लिहा. आपल्या भागातल्या माणसाला यात काय बदलून हवे आहे ते विचारा. द्राक्षबागेत छाटणी करणाऱ्याला बूच काढायची खाच कशाला, त्याला तारेचा पीळ सोडवायला काहीतरी हवे असेल. तेवढे बदला. मूळ घाट कोणाचा ते वेष्टनावर सांगा, आणि पट्टीवर ठोकायचे ते स्वतःचे नाव ठोका.